डावा पाय

"उजवा पाय काढा," मैथिली म्हणाली. "पेडलवरून काढून खाली ठेवा. आज तो नकोय."

मी पाय काढला.

"आता नुसता डावा. या टिकटिकीबरोबर."

तिने मोबाइलवर मेट्रोनोम लावला. तो इतका सावकाश होता की दोन टिकटिकींच्या मध्ये माणसाला जांभई देऊन घेता आली असती. मी डाव्या पायाने पेडल दाबलं. दांडीच्या टोकाचा गोळा बेस ड्रमवर आपटला, पण आवाज आला तो ओल्या पोत्यावर चापट मारल्यासारखा. दुसरा ठोका टिकटिकीच्या आधी पडला, तिसरा नंतर. चौथा पडलाच नाही. गोळा मध्येच लटकत राहिला.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्या वर्षी मी बेचाळीस वर्षांचा होतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून ड्रम्स वाजवत होतो. सुरुवात शरणपूरच्या चर्चमध्ये, मग ऑर्केस्ट्रा, लग्नं, गणपती, आणि या सगळ्याच्या बरोबरीने आमचा बँड, 'ज्वालाग्राही'. टँकरच्या मागे लिहिलेलं असतं तेच नाव. मी आणि सुधन्वा क्षेमकल्याणी, आम्ही दोघांनी कॉलेजात असताना तो काढला होता. सुधन्वा गायचा, गिटार वाजवायचा, गाणी लिहायचा. बाकीची माणसं येत-जात राहिली, आम्ही दोघं टिकलो. आणि आता एक पंचविशीतली मुलगी मला चमच्याने वरणभात भरवल्यासारखं शिकवत होती.

ड्रमर नसलेल्या माणसाला सांगायचं तर, बेस ड्रम वाजवतो तो उजवा पाय. डाव्याचं काम हलकं. दोन झांजांची जोडी उघडायची आणि मिटायची, बस. डबल पेडल म्हणजे एका दांड्याने जोडलेली दोन पेडलं; दोन्ही पायांनी एकच ड्रम वाजवायचा. जमलं तर ऐकणाऱ्याच्या छातीत घरघर होते. न जमलं तर लंगडा माणूस जिना चढतोय असं वाटतं.

मी जिना चढत होतो.

"तुम्ही मांडी उचलताय," मैथिली म्हणाली. "घोट्यातून वाजवा. आणि सीटवर नीट बसा, दादा. आजवर तुम्ही डाव्या पायावर रेलून बसत आलात. आता दोन्ही पाय हवेत असणार. तोल कमरेत पाहिजे."

"मला बसायला शिकवणार का तू?"

"हो," ती म्हणाली. चेष्टा नव्हती त्यात. तिने टिकटिक पुन्हा लावली.

मला तिथे पाठवलं होतं सुधन्वाने. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्याच्या वडिलांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. रविवारी मशिनं बंद असली की आमची तालीम तिथेच व्हायची. एका रविवारी त्याने नवी गाणी ऐकवली. कॉम्प्युटरवर बसवलेली, ड्रम्सही कॉम्प्युटरचेच. 'पाचर' नावाचं एक गाणं होतं. त्यात मधल्या भागात गिटार थांबते, आवाज थांबतो आणि नुसता बेस ड्रम धावत सुटतो.

"हे माणसाला वाजवता येतं?" मी विचारलं.

"आता सगळे वाजवतात, दाव्या. डबल पेडल." त्याने एक खोकं माझ्यापुढे सरकवलं. "तुझ्यासाठी आणलंय. मुंबईची कंपनी आपला अल्बम काढायला तयार झालीय. पहिल्यांदा कुणी विचारतंय आपल्याला. आणि शिकायला ही मैथिली आहे, कॉलेज रोडला क्लास घेते. मी बोललोय तिच्याशी."

"तू बोललास? मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू गेला असतास?"

गेलो नसतो. म्हणूनच तर माझं डोकं फिरलं. माझ्याच मित्राने मला शाळेत नाव घालावं तसं क्लासला घातलं होतं. पण नाही म्हणालो तर मी घाबरलो असा अर्थ झाला असता. मी खोकं उचललं.

पुढचे काही महिने मी रागात काढले. दुसरा शब्द नाही त्याला. डाव्या पायाचा राग, मैथिलीचा राग, सुधन्वाचा राग. हात जे सहज करत होते ते पाय ऐकेचना. चार ठोके बरोबर पडले की पाचव्याला हात मदतीला धावायचे आणि सगळं विस्कटायचं. रात्री नडग्या ठणकायच्या. जेवताना टेबलाखाली माझे पाय चालू असायचे. एकदा चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी बाकाला ठोके बसायला लागले, तेव्हा रूथने, माझ्या बायकोने, माझ्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाली, "देवापुढे तरी पाय स्थिर ठेवा."

"देवाला सांग मला शिकवायला."

"माझ्यावर का ओरडताय? मी सांगितलं होतं शिकायला?"

एकदा क्लासमध्ये मी काठ्या भिंतीवर फेकल्या. वेग थोडा वाढवला होता आणि डावा प्रत्येक वेळी मागे पडत होता. एक काठी आपटून मैथिलीच्या पायाशी गेली. तिने ती उचलली, तुटली नाही ना ते पाहिलं, आणि माझ्या हातात दिली.

"राग डाव्या पायात उतरत नाही, दादा," ती म्हणाली. "मी ऐकतेय ना. तुम्ही चिडलात की उजवा जोरात वाजतो. डावा तसाच राहतो. मग फरक आणखी मोठा ऐकू येतो."

"मग काय करू? हसत वाजवू?"

"चिडा. पण मोजून."

तिचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही. पण घरी गेल्यावर मी उजवा पाय सीटच्या दांड्याला दुपट्ट्याने बांधला आणि नुसता डावा वाजवत बसलो. रोज. रूथचा दुपट्टा होता तो, त्यावरूनही भांडण झालं. पावसाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले होते तेव्हा एका दुपारी मैथिलीच्या खोलीत मी 'पाचर'चा मधला भाग वाजवायला घेतला आणि तो थांबलाच नाही. दोन्ही पाय माझ्या खाली आपापले पळत होते. मी त्यांना चालवत नव्हतो, त्यांच्यावर नुसता बसलो होतो. शेवटपर्यंत गेलो. थांबलो तेव्हा खोलीतल्या स्नेअर ड्रमच्या, त्या पुढ्यातल्या छोट्या ड्रमच्या, तळाच्या तारा अजून थरथरत होत्या.

मैथिली म्हणाली, "डावा अजून थोडा मऊ आहे."

"अजून?"

"राहू द्या तो तसाच. छान वाटतो. श्वास घेतल्यासारखा."

ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं. 'पाचर' तिसऱ्या प्रयत्नात झालं. मी काचेपलीकडे पाहिलं. सुधन्वाने मोबाइलमधून मान वर केली आणि अंगठा दाखवला. मला वाटलं, उड्या मारायचं आपलं वय राहिलं नाही, म्हणून नुसता अंगठा. परतताना नारायणगावला चहासाठी थांबलो तेव्हा मी त्याला म्हणालो, "तू मला त्या पोरीकडे पाठवलंस ते बरं केलंस." तो चहा पीत राहिला.

दिवाळीनंतर गाणं बाहेर आलं. मी ते घेऊन आधी मैथिलीकडे गेलो. तिने मोठ्या स्पीकरवर लावलं. मधला भाग आला, घरघर सुरू झाली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने गाणं थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं.

"दादा, हे तुमचे पाय नाहीत."

"म्हणजे?"

"तुमचा डावा असा वाजत नाही. नीट ऐका. प्रत्येक ठोका सारखा आहे. जोरही तोच, आवाजही तोच."

"तूच तर म्हणायचीस, सारखं वाजवा."

"सारखं म्हणजे इतकं नाही. इतकं कुणीच वाजवत नाही."

मी तिला खोटं पाडायला तिच्या ड्रम्सवर बसलो आणि गाण्याबरोबर वाजवलं. माझा डावा तिला हवा तसा मऊ पडत होता आणि स्पीकरमधला पडत नव्हता. गाणं संपायच्या आधीच मी उठलो.

सुधन्वा वर्कशॉपमध्ये होता. कामगारांचं वेल्डिंग चालू होतं. तो मला ऑफिसात घेऊन गेला आणि दार लावलं.

"पाय कुणाचे आहेत त्या गाण्यात?"

"तुझेच," तो म्हणाला. "थोडं दुरुस्त केलंय. हल्ली सगळेच करतात, दाव्या. पाय तुझेच, कपडे बदललेत फक्त."

"माझ्याशी असं बोलू नकोस."

"मग कसं बोलू? आवाज स्वच्छ यावा लागतो, कंपनीची अट असते. पुण्यात पुढच्या महिन्यात शो आहे, कॉलेजच्या मैदानावर. तिथे कोण वाजवणार आहे? तूच ना? पाचशे माणसं तुझे पाय ऐकतील. मग?"

मला ते खरं मानायचं होतं. इतकी वर्षं मी त्याच्या शब्दावर टेम्पोत सामान भरत आलो होतो.

शोच्या दिवशी आम्ही दुपारीच मैदानावर पोहोचलो. आवाजाची चाचणी झाली तेव्हा मी एकट्याने दोन्ही पाय वाजवून पाहिले. माझ्या बेस ड्रमच्या आत माइक होता, मैदानभर माझा मऊ डावा ऐकू येत होता. मला बरं वाटलं. संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, आम्ही सुरुवात केली. पोरं पुढच्या कठड्याला चिकटून उभी होती. कानात मोठे हेडफोन, त्यात टिकटिक आणि सगळी वाद्यं. 'पाचर' चौथं होतं.

मधला भाग आला. गिटार थांबली, सुधन्वा थांबला. माझे पाय धावायला लागले. आणि तेवढ्यात दोन पेडलांना जोडणारा दांडा निसटला. त्याचा स्क्रू सैल झाला असणार. माझ्या डाव्या पायाखालचं पेडल एकदम पोकळ झालं. आता सगळ्यांसमोर लंगडणार, असं वाटलं.

पण काहीच झालं नाही. हेडफोनमध्ये घरघर तशीच चालू होती. एकही ठोका चुकला नव्हता.

मी डावा पाय उचलला. घरघर चालू. मग उजवाही उचलला. ती चालूच होती. मैदानभर, माझ्याशिवाय, सुरेख चालू होती. बाजूला साउंडवाल्याच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. साउंडवाला माझ्याकडे पाहत होता, आणि मी पाहिल्यावर त्याने मान खाली घातली.

मी उभा राहिलो. लोकांना दिसावं म्हणून उभा राहिलो. मला वाटलं, आता कळेल सगळ्यांना. ड्रमर उभा आहे, त्याचे पाय जमिनीवर आहेत, आणि ड्रम वाजतोय. आणखी स्पष्ट दिसावं म्हणून मी दोन्ही हात वर केले.

पोरं पेटली. अशी ओरडली की हेडफोनमधूनही मला ऐकू आलं. सगळ्यांनी माझ्यासारखे हात वर केले. त्यांना वाटलं हा खेळाचा भाग आहे. पुढच्या रांगेतला एक जण माझ्याकडे बोट दाखवून आनंदाने नाचत होता. मी काठ्या स्नेअरवर ठेवल्या, हेडफोन काढला आणि मागच्या पायऱ्यांनी खाली उतरलो. मागे ते गाणं ड्रम्ससकट पूर्ण झालं. माझे हातही लॅपटॉपमध्ये होते.

सुधन्वा घामाने निथळत खाली आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"काय केलंस, दाव्या. पब्लिक वेडं झालं. दर शोला हेच करायचं. पण असं निघून नाही जायचं, उरलेली गाणी आहेत, चल वर."

"तू म्हणाला होतास मी वाजवणार आहे."

"वाजवतच होतास की."

"लॅपटॉप कशाला चालू होता?"

"खबरदारी म्हणून. चुकलं तर? आणि बघ, चुकलंच ना. दांडा निसटला. नसता लावला तर काय झालं असतं?"

"तर मी उजव्या पायावर भाग काढला असता. माणसं काढतात." माझा आवाज चढला होता. "ऑगस्टमध्ये मी ते वाजवलं होतं. तिसऱ्या वेळी नीट वाजवलं होतं. त्यातलं किती ठेवलंस?"

तो इकडेतिकडे पाहायला लागला.

"सुधन्वा, किती ठेवलंस?"

"काही नाही ठेवलं."

"ऐकलंस तरी?"

मी त्याच्या शर्टाला धरलं. गिटारचा पट्टा माझ्या मुठीत आला.

"कंपनीला गाणी जूनमध्येच दिली होती," तो म्हणाला. "कॉम्प्युटरच्या ड्रम्ससकट. त्यांना तीच आवडली होती. ऑगस्टमध्ये पुण्याला गेलो ते तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मग मला शिकायला कशाला पाठवलंस? त्या वेळीच सांगायचंस ना."

"कसं सांगणार? वीस-बावीस वर्षांनी तुला तोंडावर सांगू, की तू नकोस?" त्याला आता माझाच राग आला होता. "वाटलं, महिना-दोन महिने जाशील, जमणार नाही, आणि स्वतःहून म्हणशील की दुसरा कुणी बघा. या वयात कुणालाच जमत नाही ते. तू शिकूनच आलास. मला काय माहीत तू शिकून येशील?"

मी त्याला मारलं. उघड्या हाताने, एकदाच. वरून पोरं 'ज्वालाग्राही, ज्वालाग्राही' असं ओरडत होती. तो गालाला हात लावून उभा राहिला आणि मग, मला अजून आठवतं, आधी गिटारच्या तारा जागेवर आहेत का ते त्याने पाहिलं. मग तो वर गेला. उरलेली गाणी माझ्याशिवाय झाली. कुणाला काही फरक पडला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी स्टुडिओला फोन करून माझं रेकॉर्डिंग मागितलं. तिथल्या माणसाने अदबीने सांगितलं की ते केव्हाच पुसलंय, जागा लागते.

बँड मोठा झाला. मोठा म्हणजे, मराठीतल्या हेवी मेटल संगीताला जेवढं मोठं होता येतं तेवढा. नवा ड्रमर आला, आणि 'पाचर'च्या मधल्या भागात तो उठून उभा राहतो, हात वर करतो, लोकही करतात. माझ्या उभं राहण्याचं त्यांनी रीतसर नाटक केलं होतं. पोटासाठी मी एका शाळेत संगीत शिकवायचो, तिथल्या मुलांनी मला ते मोबाइलवर दाखवलं. "सर, हे आधी तुम्ही करायचात ना?" मी तो तास तिथेच संपवला आणि पार्किंगमध्ये स्कूटरवर बराच वेळ बसून राहिलो, कारण चालवण्याच्या अवस्थेत नव्हतो.

काही वर्षं अशीच गेली. राग कमी होतो म्हणतात. माझा झाला नाही. तो आत बसून राहिला आणि मी त्याच्यासकट कामं करत राहिलो. मैथिली लग्न करून बंगळूरला गेली तेव्हा तिचा क्लास मी चालवायला घेतला.

एका सकाळी तिथे एक तरुण आला. मी त्याला लगेच ओळखलं, मोबाइलवर पाहिलेला. 'ज्वालाग्राही'चा ड्रमर.

"मी प्रज्योत निरभवणे," तो म्हणाला. "सर, मला डबल पेडल शिकायचंय."

"तू तर वाजवतोस."

"उभा राहतो," तो म्हणाला.

मी दारातच होतो. त्याला आत घेतलं नव्हतं. "सुधन्वाला माहीत आहे तू इथे आलास ते?"

"नाही. मी दोनदा म्हटलं त्यांना, मला खरंच वाजवू द्या. ते म्हणाले लोकांना उभं राहिलेलंच आवडतं."

"लॅपटॉप कुणाकडे असतो आता?"

"माझ्याच हाताशी. गाणं सुरू करायला मीच बटण दाबतो."

"मग बंद कर की एखाद्या दिवशी. इथे कशाला आलास?"

"बंद केल्यावर वाजलं पाहिजे ना, सर."

मला त्याचाही राग आला होता, खोटं कशाला बोलू. माझ्या जागेवर बसलेला माणूस माझ्या दारात उभा होता. पण तो हलला नाही आणि मीही दार लावलं नाही. शेवटी मी म्हणालो, "बूट बाहेर काढ."

मी त्याला वाईट शिकवलं. म्हणजे चांगलंच शिकवलं, पण वागलो वाईट. शाब्बास म्हणालो नाही, चहा विचारला नाही, एकदा रडकुंडीला आणला. तो येत राहिला.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी चर्चहून येऊन मी कपडे बदलत होतो तेव्हा फोन वाजला. नंबर मी कधीच पुसला होता, पण पाठ होता.

"प्रज्योतला तू शिकवलंस?" सुधन्वाने विचारलं.

"हो."

"काल कोल्हापूरला त्याने मध्येच मशीन बंद केलं. मला न सांगता. दोन हजार माणसं समोर. उभाही राहिला नाही. लोक हात वर करून वाट बघतायत आणि हा आपला खाली मान घालून बसलाय."

"वाजलं का?"

पलीकडे कुणीतरी टेम्पोत सामान भरत होतं.

"सुधन्वा, वाजलं का?"

"वाजलं," तो म्हणाला.

"पूर्ण ऐकलंस?"

"पूर्ण ऐकलं."

मग तो आणखी काहीतरी बोलायला लागला. माझं नाव घेऊन, जुन्या पद्धतीने, "दाव्या, बघ" असं काहीतरी. मी फोन ठेवून दिला.